एकदा माणदेशाची वाट धरा



रब्बीची पेर आटोपली, गव्हाला पहिले पाणी बसले, की घरातल्या पोरांची भुणभुण सुरू होते, 'कुठेतरी जाऊ या की.' घरधनी म्हणतो, ऊस तुटू दे, मग बघू. ऊस तुटतो, तोवर खोडव्याची मशागत येते, मग लग्नसराई, मग नांगरट, आणि मग पाऊस. वर्ष गेले. घरातल्या बाईचे तर विचारूच नका. माहेर, लेकीचे बाळंतपण, भावकीतले लग्न आणि फार झाले तर पंढरपूर-तुळजापूर, यापलीकडे तिची एस.टी. कधी गेलेली नसते. आमच्या खात्याच्या सहली निघतात, पण त्यांत बहुतेक पुरुषमाणसे. प्रदर्शन बघायचे, विद्यापीठाचा प्लॉट बघायचा, माहितीपत्रके पिशवीत घालायची आणि परत यायचे.

आज सांगतो आहे ती सहल घरच्या सगळ्यांसाठी आहे. खर्चाची नाही आणि लांबचीही नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्व अंगाला माण, खटाव, आटपाडी, खानापूर हा जो कोरडा मुलूख पसरला आहे, तो पाहायला चला.

कृष्णाकाठच्या गावात हे बोललो, की बैठकीत हशा पिकतो. 'सायेब, माणात बघायला काय हाय? धोंडं?' म्हातारी माणसे आणखी पुढे जातात. त्यांच्या तरुणपणी माणात मुलगी देताना बाप दहादा विचार करायचा, कारण पोरीचा जन्म घागरीखाली जाणार. ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. माणातली माणसेही ती मुकाट्याने ऐकून घेतात आणि आपला मुलूख पाहुण्याला दाखवताना संकोचतात. मला याचे वाईट वाटते. अर्धी नोकरी बागायती गावांत आणि अर्धी त्या माळांवर काढल्यामुळे मी खात्रीने सांगतो, की पाहण्यासारखे जितके तिकडे आहे, तितके आपल्या उसाच्या फडात नाही.

आधी मुलूख समजून घ्या. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माण तालुक्यात, पाचशे मिलिमीटर पडला तर वर्ष चांगले म्हणायचे. मधले अंतर एका दिवसात जाऊन येण्याचे. शंभुमहादेवाच्या डोंगररांगा उघड्याबोडक्या, माथा सपाट, अंगावर पायऱ्यांसारखे खडकाचे टप्पे, आणि पायथ्याला ओढ्यांनी कातरलेल्या खोल ओघळी. सकाळी साडेसातच्या उन्हात हे टप्पे तांबूस दिसतात, संध्याकाळी जांभळे. परदेशात असले कोरडे, कातरलेले डोंगर पाहायला लोक मोटारी घेऊन शेकडो मैल जातात. आपल्याकडे त्याला 'नुसता माळ' म्हणतात. कुळकजाईकडच्या डोंगरात माण नदी उगम पावते आणि दहिवडी, म्हसवडवरून आटपाडी, सांगोला, मंगळवेढ्याचा मुलूख करत भीमेला मिळते. वर्षाचा बराच काळ तिच्यात वाळूच असते. या नदीवरूनच मुलखाला माणदेश म्हणतात.

जायचे केव्हा? दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ उत्तम. मार्गशीर्ष-पौषात गेलात तर थंडी असते, तळ्यांत पाणी असते, पाखरे आलेली असतात आणि पौषाच्या पुढे मालदांडीचा हुरडाही मिळतो. उन्हाळ्यात लहान मुले घेऊन जाऊ नका. तीन दिवस आणि दोन मुक्काम धरा. वडूज, दहिवडी, आटपाडी आणि विटा या चारही ठिकाणी एस.टी.चे आगार असल्यामुळे गाड्यांची अडचण पडत नाही, मात्र आडवाटेच्या गावांसाठी चार-पाच घरांनी मिळून जीप केली तर वेळ वाचतो. पाणी बरोबर ठेवा. तिकडे पाणी कोणी नाही म्हणत नाही, पण ते किती लांबून आणले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

सुरुवात औंधापासून करा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे सकाळी निघालात तर दहापर्यंत पोचता. औंध हे खटाव तालुक्यातले गाव, पण एके काळी संस्थानची राजधानी. टेकडीवर यमाईचे मूळपीठ आहे. दर्शनाला तुमच्या घरची मंडळी जातीलच. त्याच टेकडीच्या अंगावर श्री भवानी चित्रपदार्थ संग्रहालय आहे, ते मात्र बरेच जण बाहेरूनच पाहून परततात. तसे करू नका. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांना लोक बाळासाहेब म्हणत, त्यांनी १९३८ साली हे उभे केले. राजे स्वतः चित्रकार होते, रामायणाची चित्रे त्यांनी स्वतः काढली. सूर्यनमस्काराचा प्रचार त्यांनी आयुष्यभर केला, आणि तोही आधी स्वतः घालून. संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे आहेत, हस्तिदंत आणि चंदनातले कोरीव काम आहे. एवढ्या आडगावात हा ठेवा कसा आला, याचे नवल मोठमोठ्या शहरांतून आलेल्या माणसांनाही वाटते.

तिथे एका इंग्रज शिल्पकाराने, हेन्री मूरने, घडवलेले दगडातले आई आणि मूल आहे. नाक-डोळे नीट कोरलेले नाहीत. एकदा महिला गटाची सहल घेऊन गेलो होतो. बरोबरचे पुरुष म्हणाले, हे अर्धेच राहिलेले दिसते. एका बाईने मात्र थोडा वेळ थांबून पाहिले आणि म्हणाली, 'आवं, पोर कसं गच्च धरलंय बघा की.' त्या दगडाविषयी यापेक्षा जास्त मलाही सांगता येणार नाही.

औंधचे उपकार आपल्या शेतीवरही आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगराच्या कारखान्यासाठी १९१० साली कुंडलजवळच्या माळाची जागा दिली ती याच संस्थानाने, आणि त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९३९ साली राजांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. हिंदुस्थान स्वतंत्र होण्याच्या आधी आठ वर्षे! संग्रहालयाचा सुटीचा वार मात्र आधी विचारून निघा, नाहीतर कुलूप पाहून परतावे लागेल.

औंधाहून वडूज जवळच. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले. पोरांना स्मारकापाशी उभे करून एवढे सांगा. पुस्तकातला बेचाळीसचा लढा आपल्यासारख्याच धोतर-पटकेवाल्यांनी लढला, हे त्यांना कळू दे.

तिथून दक्षिणेला मायणी. इंग्रजी अमदानीत बांधलेला जुना तलाव, भोवती झाडी. हिवाळ्यात इथे आणि जवळच्या येरळवाडी, सूर्याचीवाडीच्या तलावांवर दूरदेशीची पाखरे उतरतात. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. चक्रवाक, चमचा, शेकाट्या, चित्रबलाक दिसतात. रोहित पक्षी उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखल गाळतात आणि त्यातले बारीक जीव खातात. थवा उडाला, की पंखांखालचा लाल रंग एकदम उघडा पडतो आणि पोरे ओरडतात. ओरडू नका म्हणून त्यांना आधीच बजावून ठेवा. पहाटे गेलात तर सगळ्यांत चांगले. गडद रंगाचे कपडे आणि शांत पावले एवढीच तयारी लागते. २०२१ साली सरकारने या भागाला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. पण पाऊस हुकला, की तलाव आटतो आणि पाखरे वळसा घालून निघून जातात. म्हणून जाण्यापूर्वी ओळखीच्या माणसाकडून तळ्यात पाणी आहे का, याची खात्री करून घ्या.

पहिला मुक्काम गोंदवल्याला करावा. सातारा-पंढरपूर रस्त्यावर दहिवडीच्या पुढे हे गाव लागते. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज (१८४५–१९१३) यांची समाधी इथे आहे. येणाऱ्या प्रत्येकाला प्रसादाचे जेवण मिळते, राहण्याचीही सोय होते. महाराजांच्या चरित्रात दुष्काळाची हकीकत आहे, ती मला फार मोलाची वाटते. माणसे अन्नावाचून हिंडू लागली, तेव्हा त्यांनी नुसती भाकरी वाटली नाही, तर आपल्या शेतात मातीकाम काढले आणि काम देऊन जेवू घातले. सरकारने रोजगार हमी हा शब्द काढला तो पुष्कळ नंतर, १९७२ च्या दुष्काळात. आणि ती योजना मांडणारे वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्याच विसापूरचे.

दहिवडीच्या परिसरात आणखी एक जागा दाखवतो. तिथे देऊळ नाही, किल्ला नाही. टाकेवाडी नावाचे छोटे गाव आहे. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत या गावाने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. डोंगराच्या अंगावर आडवे सलग समतल चर, खाली बांध, त्याखाली तळी. बायाबापड्यांनी उन्हाळ्यात टिकाव-फावडे घेऊन श्रमदान केले, त्याची खूण डोंगरावर ओळींनी उमटलेली आहे. माझ्यासारख्याला ही ओळ कोणत्याही नक्षीपेक्षा सुंदर दिसते, पण तो धंद्याचा दोष समजा. तुम्ही मात्र जरूर पाहा, आणि गावातल्या माणसाला विचारून पाहा. बोलायला ती माणसे कंटाळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिखर शिंगणापूर. भोसले घराण्याचे हे कुलदैवत. डोंगरमाथ्यावर शंभुमहादेवाचे कोरीव दगडी देऊळ, शेजारी बळीचे म्हणजे अमृतेश्वराचे. खाली तलाव आहे, तो शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी बांधला. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत होते, म्हणून. या मुलखात पुण्यकर्म म्हणजे काय, ते त्या तलावाच्या दगडांत लिहिलेले आहे. चैत्रात देवाचे लग्न लागते, दोन्ही देवळांच्या शिखरांना लांबच लांब पागोटे बांधतात, आणि द्वादशीला सासवडकडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटाने वर चढते. पायऱ्या नाहीत, नुसता खडा कडा. माणसांची साखळी करून, एकमेकांना धरून खांद्यावरची जड कावड वर घेतात. ते एकदा पाहावेच, पण कडक ऊन आणि तुफान गर्दी असते, तेव्हा तरण्या मंडळींनी जावे. म्हाताऱ्यांना थंडीतच आणा. निवांत दर्शन होते आणि कठड्यावरून फलटणकडचा मुलूख लांबवर दिसतो. इतिहासाची आवड असेल तर याच डोंगरांत १६९७ साली सेनापती संताजी घोरपडे दगा होऊन मारले गेले हे ध्यानात ठेवा. माण तालुक्यातल्या कारखेलला त्यांची समाधी दाखवतात.

तिथून खाली म्हसवडला या. माण नदीच्या काठचे हे जुने बाजाराचे गाव. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी हे इथले देव. त्यांच्या लग्नाचा सोहळा महिनाभर चालतो. दिवाळी पाडव्याला देवाला हळद लागते, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास लग्न होते, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला वरात निघते. ती वरात म्हणजेच म्हसवडची रथयात्रा. लाकडी रथाला दोरखंड बांधून माणसे ओढतात, गुलाल आणि खोबरे इतके उधळतात, की गावची माती आठ-पंधरा दिवस तांबडी राहते. काही भाविक पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत उभ्याचे नवरात्र धरतात, म्हणजे त्या दिवसांत खाली बसायचे नाही. 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' हा गजर तुम्ही आपल्याकडेही ऐकला असेल, कारण नाथाची कुळे कृष्णाकाठीही पुष्कळ आहेत.

देवळानंतर म्हसवडमध्ये बायकांनी एक ठिकाण पाहावे. माणदेशी महिला सहकारी बँक. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने इथल्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण बऱ्याच जणींचा अंगठा होता. त्या बायका रात्री जमून अक्षरे गिरवायला बसल्या. पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. १९९७ साली बँक सुरू झाली. पोळा-बैलपोळ्याला नवऱ्याकडे बांगड्यांसाठी पैसे मागणाऱ्या आपल्याकडच्या बहिणींनी तिथे पाच मिनिटे उभे राहून खिडकीवरचा कारभार पाहिला तरी पुरे. याच तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, हे सोबतच्या मुलींना सांगा.

आता राजेवाडीचा तलाव. म्हसवडहून आटपाडीकडे जाताना लागतो. जुने लोक त्याला म्हसवडचा तलाव म्हणतात. १८७६ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा भुकेल्या माणसांच्या हाताला काम म्हणून इंग्रज सरकारने हे काम काढले. बांधावर उभे राहिलात तर एका बाजूला पाण्याचा पसारा आणि दुसऱ्या बाजूला वाळलेला माळ. गंमत अशी, की पाणी साठते ती जमीन बहुतेक सातारा जिल्ह्यातली, बांध सांगली जिल्ह्यात, आणि कालव्याचा मोठा लाभ सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडे. बांधावरच्या माणसाला स्वतःचे रान भिजवायला पाणी नाही, हे गाऱ्हाणे मी कित्येकदा ऐकले आहे. संध्याकाळी मात्र गाऱ्हाणी विसरायला होतात. पाखरे परततात, मेंढ्यांचा कळप धूळ उडवीत खाली येतो, आणि पाण्यावर उजेड राहतो तोवर कोणी जागचे हलत नाही.

इथेच एक महत्त्वाचे बोलून घेतो. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णा खोऱ्याचे पाणी आता या मुलखाच्या पुष्कळ भागांत पोचले आहे. वर्षानुवर्षांची मागणी पुरी झाली, याचा आनंद आहे. पण पाणी आले त्या शिवारात पहिली गोष्ट दिसते ती उसाची. माणदेशातले वाचक हे वाचत असतील, तर त्यांनी उलटी सहल काढावी. वाळवा, मिरज, शिरोळकडची क्षारपड झालेली काळी राने पाहावीत. ती राने एके काळी सोन्याच्या मोलाची होती. पाटाचे पाणी मोकळे सोडले, निचरा पाहिला नाही, आणि आता तिथे लव्हाळाही धड येत नाही. तुमच्या मुरमाड रानाला निचरा आहे, हे खरे. पण पाणी किती मीटर उचलून आणले आहे आणि विजेचे बिल कोण भरते, ते विसरू नका. आटपाडी तालुक्यात डाळिंबवाल्यांनी टँकरच्या पाण्यावर, ठिबकवर झाडे जगवली. तेल्या रोगाने त्यांना रडवले, तरीही एका घागरीत एक झाड हा हिशेब ज्याला येतो, त्याला उसाचे पाट पाजायला शिकवू नये असे माझे मत आहे. कृष्णाकाठच्या पाहुण्यांनी ती बाग जरूर पाहावी.

आटपाडीला दुसरा मुक्काम. हाही मुलूख औंध संस्थानातलाच, म्हणून जुने लोक 'आटपाडी महाल' म्हणतात आणि इथल्या खिल्लार जनावरांना आटपाडी महाल खिल्लार. पांढरे शुभ्र, अंगाने ताठ, निमुळत्या शिंगांचे, चालायला वाऱ्यासारखे. तालुक्यातल्या खरसुंडीला सिद्धनाथाचे मोठे देऊळ आहे, आणि पौषातल्या यात्रेला खिल्लार जनावरांचा बाजार भरतो. कार्तिकात आटपाडीच्या उत्तरेश्वराच्या यात्रेला शेळ्या-मेंढ्यांचा. जनावर घ्यायचे नसले तरी बाजारात फिरा. दावणीला उभा केलेला खोंड, मालकाने पुसून लख्ख केलेली शिंगे, रुमालाखाली बोटे दाबून चाललेला सौदा, हे सगळे ट्रॅक्टरच्या जमान्यात पोरांना कुठे पाहायला मिळणार? गजी नृत्य करणारे धनगर भेटले तर थांबा. हुलग्याच्या शेंगोळ्या आणि बाजरीची भाकरी कोणी पुढे केली तर नाही म्हणू नका.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधच्या राजांनी १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या कल्पनेवरून, इथे भिंती नसलेला तुरुंग सुरू केला. शिक्षा झालेली माणसे आपल्या बायकामुलांसह राहून शेती करतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. जागा रस्त्यावरून पाहावी. आत राहणारी माणसे ही काही प्रदर्शनातली वस्तू नव्हे. परवानगीशिवाय आत शिरून त्यांची चौकशी करू नये.

आणि याच तालुक्याने मराठीला लेखक किती दिले ते पाहा. 'गीतरामायण' लिहिणाऱ्या गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे गावी झाला. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे. 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी' ही त्यांची पुस्तके गावच्या वाचनालयात असतील, ती निघण्याआधी घरात कोणीतरी मोठ्याने वाचा. मेंढक्यांच्या वाडीवर शाळामास्तर जातो, वाडी त्याला हळूहळू आपला म्हणते, आणि शेवटी दुष्काळ वाडीला उठवून लावतो; एवढीच गोष्ट. लेंगरेवाडीवरून ती सुचली असे सांगतात. पुस्तक वाचून गेलात तर माळावरचा प्रत्येक मेंढका ओळखीचा वाटेल. 'तराळ-अंतराळ' लिहिणारे शंकरराव खरातही आटपाडीचेच. गावकुसाबाहेरच्या घरातला हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

तिसऱ्या दिवशी परतीची वाट विट्यावरून धरा. पायांत दम असेल तर वाटेत खानापूर तालुक्यातला बाणूरगड म्हणजे भूपाळगड चढा. १६७९ साली दिलेरखानाने हा किल्ला घेतला. शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधी या गडावर आहे. वर सावली कमी, पाणी नाही, म्हणून सकाळी नऊच्या आत उतरून या.

शेवटचा टप्पा सागरेश्वर. देवराष्ट्रे गावाजवळची ही टेकडी. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. १२ मार्च १९१३ चा त्यांचा जन्म. पायथ्याला महादेवाच्या जुन्या देवळांचा समूह आहे, थंडगार सावली आहे. वरचा डोंगर मात्र पन्नास वर्षांपूर्वी माणदेशासारखाच बोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसे जमवली, वनखात्याच्या मागे लागले. झाडे लावली, हरणे आणून सोडली. १९८५ साली तिथे अभयारण्य झाले. आज चितळ, सांबर, काळवीट दिसतात. सायंकाळी जनावरे पाणवठ्यावर येतात, त्या वेळी उंचावर बसून शांतपणे पाहा. फाटक वेळेवर बंद होते, तेव्हा विट्याहून दुपारचे जेवण उरकून लगेच निघा.

शिदोरीत चटणी-भाकरी जास्तीची बांधा, एक घोंगडे घ्या, आणि जनावरांच्या धारेची, वैरणीची सोय शेजाऱ्याकडे लावून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच्या घरची माणसे निघाली, की तुम्ही त्याची गुरे पाहा.